बिनहाडाचं अंडं

जगात जे जे टिकून राहिलं ते कवचाच्या जोरावर. किल्ल्याला तट असतो, दाण्याला टरफल असतं, राज्याला सीमा असते आणि माणसाला विवेक असतो. ज्याचं कवच गेलं त्याचा शेवट जवळ आला असं समजावं. ही वाक्यं माझी आहेत. पनवेलला हायस्कुलात इतिहास शिकवत असताना मी ती नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिली होती आणि मुलांनी ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली होती. त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी सहाच्या सुमारास, भर पावसात मी आमच्या न्हाणीमागे उकिडवा बसलो होतो. माझ्या तळहातावर एक अंडं होतं आणि त्याला कवच नव्हतं. विवेकाचं म्हणाल, तर बायको उठायच्या आत हे अंडं कुठे दडवावं, एवढंच त्याला त्या वेळी सुचत होतं.

ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. आज ती आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात गावात भरलेला कोंबडीपालनाचा मेळावा. मंडपावर ताडपत्री होती, ताडपत्रीवर श्रावणाचा पाऊस होता, व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि एक पिंजरा होता. पिंजऱ्यात विलायती जातीची एक पांढरीशुभ्र कोंबडी होती. पाचही पाहुण्यांना हार घातल्यावर एक हार उरला, तो कुणीतरी पिंजऱ्याला घातला. पाहुण्यांनी आपापले हार काढून टेबलावर ठेवले. कोंबडीने आपला खायला घेतला. मग मुख्य पाहुणे उठले. अंडं ही राष्ट्राची शक्ती आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि खिशातून कागद काढून 'कॅल्शियम' हा शब्द तीन वेळा तीन प्रकारे उच्चारला. पावसाळ्यात कोंबड्या कोंडलेल्या असतात, त्यांना ऊन मिळत नाही, चुनखडीचा अंश मिळत नाही, म्हणून त्या कधी कधी मऊ अंडी घालतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि माझ्या उजव्या तळहाताला एकदम गार, ओलसर, किंचित हलणारं असं काहीतरी लागल्यासारखं झालं. मी हात धोतराला पुसला. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य ज्याने उच्चारलं तो त्या श्रावणात आमच्या घरी नव्हता.

आम्ही देशावरून आलो होतो. पनवेलचा पाऊस आम्हाला नवा होता. आमच्याकडे पाऊस पडतो आणि थांबतो. इथे तो राहायला येतो. भिंती आतून घामेजतात, मीठ बरणीत रडतं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी लव येते. शाळेच्या खिडकीतून एरवी कर्नाळ्याचा सुळका आंगठा वर केल्यासारखा दिसायचा, तो आषाढात एक दिवस ढगात गेला आणि पुढे दोन महिने तो तिथे आहे हे आम्ही केवळ विश्वासाने मानत होतो. खाडीच्या बाजूने येणारा वारा चिखलाचा, कुजक्या गवताचा आणि दूरच्या माशांचा वास आणायचा. घर कौलारू, लहान. मागे परसू, परसाच्या पलीकडे ठमाबायचं घर.

ठमाबायची सगळी माणसं मिठागरावरची. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली जातात, तेव्हा ही मंडळी लावणी उरकतात आणि मग पाऊस उघडायची वाट पाहत घरी असतात. त्यामुळे त्या दिवसांत ठमाबाय आमच्या परसात तिच्या स्वतःच्या परसापेक्षा जास्त असायची. पन्नाशीची बाई, काटक, आडवं नेसलेलं लुगडं, आणि तोंड असं की मिठाचा खडा जिभेवर ठेवून बोलते आहे. इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, तिने चैत्रात तीन कोंबड्या दिल्या होत्या. एक काबरी, एक तांबडी, एक काळी. इंदूला तेव्हा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दूध, रोज एक अंडं, आणि काळजी करायची नाही. पहिल्या दोन गोष्टींची व्यवस्था करता येण्यासारखी होती.

काळजीला कारण होतं. ही तिसरी खेप होती. पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात गेलं. ते आम्ही पाहिलंही नाही, म्हणजे मला दाखवलं नाही. इंदूने पाहिलं असेल. ती त्याविषयी कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात त्या गोष्टीवर एक पातळ पडदा होता, आणि दोघंही त्याला बोट लागणार नाही अशा बेताने वावरत होतो.

श्रावण लागला आणि तिला सातवा लागला.

पहिलं अंडं मला सापडलं ते त्या आठवड्यात. पावसामुळे कोंबड्या दिवसभर पडवीत डालग्याखाली असायच्या. सकाळी डालगं उचलून अंडी काढायची आणि इंदू उठेपर्यंत चूल पेटवून ठेवायची, हे काम मी अंगावर घेतलं होतं. त्या दिवशी गवतात हात घातला तर बोटांना अंड्याऐवजी काहीतरी जिवंत लागलं असं वाटलं. मी हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला. आकार अंड्याचाच, रंग अंड्याचाच, पण वर नुसता पापुद्रा. हातावर घेतल्यावर ते एका बाजूला सरकायचं, दाबलं की दबायचं, आणि सोडलं की हळूहळू पुन्हा पूर्वीच्या आकारात यायचं. आत पिवळ्याची सावली हलताना दिसत होती. मी आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला त्यातलं एकही कामाला आलं नाही. मला वाटलं, हे वेळेच्या आधी बाहेर आलं आहे.

मी न्हाणीमागे गेलो तो हे पुरायला. ठमाबाय डोक्यावर इरलं घेऊन कुंपणाशी उभी होती.

"मास्तर, हातात काय हाय?"

"अंडं."

"बगू." तिने पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "अंडं नाय ह्ये. बिनहाडाचं हाय. वैनीनं बगितलं?"

"नाही. ती अजून झोपली आहे."

"बगू देऊ नका. पोटुशी बाईनं बिनहाडाचं बगू नये. आनि पुरू नका हितं, घराच्या जमिनीत. खाडीला न्या. सुकती लागली का पान्यात सोडा, पानी भाईर जात आसताना. भरतीला सोडाल तर भरती परत आनते."

"ठमाबाय, मी हे असलं काही मानत नाही."

"मानू नका. मी काय मानायला सांगत्येय? सोडायला सांगत्येय."

ती गेली. मी सत्यनारायणाला न बसणारा माणूस. शाळेत नव्या इमारतीची पायाभरणी झाली तेव्हा कुदळीला कुंकू लावण्यावरून मी मुख्याध्यापकांशी वाद घातला होता. शकुन-अपशकुनावर मी वर्गात एक तासभर बोललो होतो, आणि ते बोलणं चांगलं झालं होतं असं मुलांचं मत होतं. मी तळहातावरच्या त्या वस्तूकडे पाहिलं. मग मी ती रुमालात गुंडाळली, रुमाल जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, छत्री घेतली आणि शाळेत जाण्याआधी बंदराकडे गेलो.

पाणी बाहेर जात होतं. मी खात्री करून घेतली.

त्यानंतरच्या दिवसांची आठवण मला सलग नाही. तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा ओला आहे. एक दिवसाआड, कधी रोज, डालग्याखाली एखादं बिनहाडाचं निघायचं. कधी कवच असायचं, पण इतकं पातळ की उचलताना आंगठा आत जायचा. कधी अर्धं कवच आणि अर्धा पापुद्रा. धड अंडी कमी होत चालली होती. मी इंदूला सांगायचो, कोंबड्या पावसाने गारठल्या आहेत, थोड्या खुडूक झाल्या आहेत. ती "हो का" म्हणायची. शाळेत घंटेच्या वेळापत्रकाशेजारी मी एका कागदावर भरती-सुकतीच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. भूगोलाच्या शिक्षकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मुलांना आरमाराचा धडा शिकवायचा आहे. ते खूश झाले. त्यांनी मला चंद्राच्या आकर्षणाची आकृती काढून दिली.

भीतीची गंमत अशी की ती एकटी येत नाही, डोळे घेऊन येते. पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी मला दिसायला लागल्या. इंदू उठताना जमिनीला हात टेकते. तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि ती ओठ दाबून बसते. तिचा एक दात हलतो. बोलता बोलता ती मध्येच थांबते आणि पोटावर हात ठेवून ऐकल्यासारखं करते; मग पुन्हा बोलायला लागते, आणि तो मधला अर्धा क्षण मी श्वास घेतलेला नसतो.

आणि खडू. वर्गात फळ्याशी जाऊन कोटाच्या खिशात हात घालावा तर खडू नाही. आदल्या दिवशी चार ठेवलेले आठवत असत. दोन-तीनदा असं झालं तेव्हा मी मुलांना धारेवर धरलं. एक जण म्हणाला, "सर, तुमच्या कोटाला आम्ही हात कसा लावू? तुम्ही तो काढतच नाही." ते खरं होतं. कोट मी फक्त घरी काढायचो.

त्याच आठवड्यात कधीतरी दुपारी पाऊस क्षणभर थांबला आणि पडवीत उजेड आला. मला पडवीची भिंत दिसली. दिवाळीत दिलेला चुन्याचा हात त्या भिंतीवर होता. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत त्या सफेदीत बारीक बारीक खड्डे पडले होते. कोंबड्यांनी चोची मारून चुना उकरला होता. हे समजण्यासारखं होतं. पण त्याच्या वर, हातभर उंचीवर, जिथे इंदू पाटावर भिंतीला टेकून तांदूळ निवडायची, तिथे उभे ओरखडे होते. एकमेकांशेजारी चार-चार. ते चोचीचे नव्हते.

खाली कोंबड्या, वर माझी बायको. एकाच भिंतीकडे सगळ्यांचं काहीतरी मागणं होतं आणि भिंत अपुरी पडत होती. डालग्याखाली जे तयार होत होतं तेच तिच्या पोटात तयार होत असेल, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा शब्दांत आला. तोपर्यंत तो नुसताच होता.

मी शिकलेला माणूस होतो, म्हणून मी पुस्तकाकडे गेलो. शाळेच्या कपाटात एक जुनं, वाळवीने कडेने खाल्लेलं प्राणिशास्त्राचं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की अंड्याचं कवच आणि समुद्रातल्या शिंपल्याचं कवच हे मुळात एकाच द्रव्याचं असतं, आणि शिंपले भाजून चुना करतात. मला हायसं वाटलं. म्हणजे शिंपल्या आणाव्यात, कुटाव्यात आणि खाऊ घालाव्यात. अडचणी दोन होत्या. एक, भर पावसात शिंपल्या कोण काढतो? दुसरी, कुटायच्या तर आवाज होणार, इंदू विचारणार कशाला, आणि मग सगळंच सांगावं लागणार. या दोन्ही अडचणींवर मला एकच तोड सुचली, आणि ती माझ्यासारख्या माणसालाच सुचू शकते. बंदराजवळ चुन्याची भट्टी होती. भाजलेली शिंपली दोन बोटांत चुरगाळली तरी पीठ होते. तिला कुटावं लागत नाही.

भट्टी पावसाळ्यात बंद असते. झापांच्या छपराखाली माल ठेवलेला होता आणि एक म्हातारा विडी ओढत त्याची राखण करत होता.

"मास्तर, घराला सफेदी काडायची काय ह्या पावसात?"

"नाही. थोड्या शिंपल्या हव्या होत्या. ओंजळभर."

"कच्च्या नाय. ह्या भाजलेल्या हायत. तुमच्या परसातली रास बी ह्यातच हाय कुटंतरी." तो हसला. "आता काय वलखाल?"

हे मी विसरलो होतो. आमच्या परसाच्या कोपऱ्यात शिंपल्यांची एक जुनी रास होती. आधीच्या भाडेकरूंनी आणि ठमाबायच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं तिसऱ्या आणि कालवं खाऊन टरफलं तिथे टाकलेली. मी देशावरचा, मला त्या राशीचा वास सहन होत नसे. वैशाखात मी भट्टीच्या गाडीवानाला बोलावून ती उचलून न्यायला लावली, परसू झाडून घेतलं, कोपऱ्यात मोगरा लावला. इंदूला म्हणालो होतो, आता कसं माणसाचं घर वाटतं.

मी कागदात भाजलेल्या शिंपल्या बांधून आणल्या. पाण्याने चुना तापतो, हे मला माहीत होतं. मी त्याला पाणी लावणार नव्हतो. कोरड्या कोंड्यात तो भुगा मिसळला आणि करवंटीत घालून डालग्याखाली सरकवला. काळी लांबून पाहत राहिली. तांबडीने एकदा हुंगल्यासारखं केलं. काबरी मात्र हावरी होती, आणि तिलाच सगळ्यात जास्त गरज होती, कारण बिनहाडाची बहुतेक तिचीच असत. तिने भराभर पाच-सहा चोची घेतल्या. कोंबडीच्या तोंडात पाणी असतं, ही गोष्ट त्या पुस्तकात नव्हती.

तिने मान झटकली. पुन्हा झटकली. मग ती चोच जमिनीवर घासायला लागली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. चोचीतून फेस आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मी करवंटी हिसकून घेतली, तिला उचललं, काय करावं ते सुचेना म्हणून तशीच धरून उभा राहिलो. तिच्या छातीचे ठोके माझ्या हाताला लागत होते, इतके जलद की ते मोजता येण्यासारखे राहिले नव्हते.

"काय झालं तिला?"

इंदू दारात उभी होती. एक हात चौकटीला, एक पोटावर.

"काही नाही. तू आत जा."

ती आत गेली नाही. तिने कुंपणाकडे तोंड करून ठमाबायला हाक मारली. ठमाबाय आली, करवंटीत बोट घालून तिने जिभेला लावलं आणि थुंकली.

"चुना? कोंबडीला चुना चारलात?"

"शिंपल्यांचाच आहे," मी म्हणालो. "एकच द्रव्य असतं."

"मंग तुमी पानाला लावता तो ओंजलभर खाऊन बगा एकदा, येकच द्रव्य." तिने काबरीला माझ्या हातून घेतलं, चोच धुतली, ताक पाजलं, मांडीवर घेऊन बसली. बडबड चालूच होती. "कच्च्या शिंपल्या घालायच्या, मास्तर. कुटून. ती रास होती ना हितं कोपऱ्यात? कोंबड्या तितं दिवसभर टिपत बसायच्या. ती रास कोनी उचलली?"

मी कोपऱ्यातल्या मोगऱ्याकडे पाहिलं. इंदूला ते माहीत होतं, आणि तिनेही मोगऱ्याकडेच पाहिलं.

काबरी त्याच दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, ठमाबायच्या मांडीवर मेली. मी त्या दिवशी शाळेत गेलो नव्हतो. ठमाबाय तिला घेऊन गेली. आम्ही दोघं पडवीत राहिलो. पावसाची धार पन्हळीतून पडत होती.

"काबरीची अंडी मऊ येत होती म्हणून घातलंत ना?" इंदूने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही सकाळची काढता. त्या दुपारीही घालतात."

मी तिच्याकडे पाहिलं.

"दुपारची मी ठमाबायला देते," ती म्हणाली. "ती सोडते खाडीत. पाणी बाहेर जाताना."

"तिने तुला पाहू देऊ नका म्हणून मला सांगितलं!"

"मलाही तिने हेच सांगितलं. म्हणाली, मास्तरांना दाखवू नको, पुरुषमाणूस लवकर घाबरतो."

मी हसायला हवं होतं. मी भिंतीकडे पाहत होतो, त्या चार-चार ओरखड्यांकडे. तिने माझी नजर पाहिली आणि हात पदराखाली घेतला.

"तुम्हाला भीती वाटते?" तिने विचारलं.

"नाही."

"मग खाडीवर कशाला जात होता?"

या प्रश्नाला उत्तर असतं तर मी इतिहासाचा शिक्षक झालो नसतो. मी म्हणालो, "वाटते." ती म्हणाली, "मलाही. मागच्या वेळी सातव्यातच..." आणि तिने वाक्य तिथेच ठेवलं. मग, लग्नानंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा, तिने ते पुरं केलं. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तिने त्या मुलाला पाहिलं होतं, हातात घेतलं होतं, आणि त्याला बोटं होती, नखंही होती. दहाही. ती एकटीने ते सगळं दोन वर्षं सांभाळत होती, आणि मी त्याला शांतता समजत होतो.

दुसऱ्या दिवशी ठमाबायने टोपलीभर शिंपल्या आणल्या. पावसात कुठून, असं विचारलं तर म्हणाली, मिठागराच्या बांधातून खणून. बांधाच्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिंपल्या असतात. आम्ही त्या धुतल्या, आणि उखळात घालून मी त्या कुटायला लागलो. दाण दाण दाण, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, पोहे करता काय? इंदू म्हणाली, हो. भरडा झाला तो ठमाबायने कोंड्यात मिसळू दिला नाही. वेगळ्या करवंटीत ठेवला. "तिला पायजे तितकं ती खाईल. तुमी मोजू नका. तुमी मोजायला लागलात का कायतरी मरतं."

तांबडी आणि काळी त्या करवंटीशी तासभर उभ्या होत्या. पाऊस थोडा उघडला की आम्ही त्यांना अंगणात सोडायचो, पाचच मिनिटं ऊन असलं तरी. चार-पाच दिवसांनी एक अंडं आलं, खरखरीत, वर दाणे आल्यासारखं, पण टणक. मी ते ओट्याच्या कडेवर हलकेच आपटून पाहिलं. टक् असा आवाज आला. तो आवाज मी आणखी दोनदा काढला, आणि तिसऱ्यांदा ते फुटलं. इंदूने ते वाटीत धरलं आणि खाल्लं.

इंदू खडू आणि भिंतीचा चुना खाते, हे मी शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी इंदूला पांढऱ्या गोळ्या दिल्या, ताज्या तिसऱ्या मिळाल्या की रस्सा खा म्हणाले, आणि मला म्हणाले, हे महिनाभर आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आम्ही दोघंही कामात होतो.

पण भीती अशी न्यायाने वागत नाही. मऊ अंडं जर वाईटाची खूण होती, तर टणक अंडं चांगल्याची व्हायला हवी होती. तसं झालं नाही. टणक अंडी रोज येत होती आणि ती मला फक्त अंडी वाटत होती. सातवा संपला. आठवा लागला. मी इंदूला सारखं "ठीक आहेस ना?" विचारायला लागलो, ती म्हणाली, दिवसातून तीनदाच विचारा, जेवणाच्या वेळी एकदा आणि उरलेलं चहाच्या वेळी. भाद्रपदात पाऊस मागे हटला, हवा तापली, भाताला पोटरी आली, आणि कर्नाळ्याचा सुळका एके दिवशी होता तिथेच पुन्हा दिसला. मी त्याकडे पाहून काहीही शुभ मानलं नाही. अशुभही मानलं नाही. निदान तसा प्रयत्न केला.

आश्विनात, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. ठमाबाय पाणी तापवत होती. मला ओट्यावर बसवण्यात आलं. मी एक पुस्तक उघडून बसलो आणि दुपारपर्यंत एकाच पानावर होतो. ते पान कशाबद्दल होतं हे मला त्याच वेळी सांगता आलं नसतं. आतून इंदूचा आवाज यायचा, मग यायचा नाही. न येणारा जास्त वाईट होता. एकदा बराच वेळ काहीच आलं नाही. मी उभा राहिलो.

मग ओरडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, दम घेऊन पुन्हा.

मुलगी होती. इंदू ठीक होती, तिचा डोळा लागला होता. नर्सबाई हात धुवायला न्हाणीत गेल्या आणि जाताना जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते पोर माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, मान धरा. मी मान धरली. मी तिची बोटं पाहिली. दहा होती, नखं होती. मग मी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

माझं बोट दबलं.

माथ्याच्या मधोमध, कपाळाच्या जरा वर, हाड नव्हतं. नुसती कातडी होती, मऊ, गरम, आणि तिच्याखाली काहीतरी हलत होतं, वर-खाली, वर-खाली. मी बोट काढलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा दबलं. तो मऊपणा मला ठाऊक होता. त्या श्रावणात सकाळी सकाळी मी तो तळहातावर घेतला होता. माझ्या कानात पन्हळीसारखा आवाज सुरू झाला. इंदू झोपली होती. तिला कसं सांगायचं, हा एकच विचार मला येत होता, आणि तो पुरा होत नव्हता. मी मुलीला छातीशी धरून परसात गेलो. ठमाबाय मडकं घासत होती.

"ठमाबाय," मी म्हणालो. "हिच्या डोक्याला... हाड नाही."

तिने हातातली राख झटकली, उठली, लुगडं बाजूला करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कंच्या डोक्याला? हिच्या का तुमच्या?"

"ठमाबाय, बोट आत जातं आहे."

"मंग बोट कशाला घालताय? टालू हाय ती, मास्तर. सगल्यांना आसते. तुमाला बी होती. माज्या सातांना होती." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिचा आवाज जरा उतरला. "तुमी याआधी तान्हं पोर हातात घेतलेलंच नाय?"

"नाही," मी म्हणालो.

"आना हिकडं," ती म्हणाली, आणि मुलीला घेतलं. "रोज तेल घालायचं त्यावर. भरून येते."

पुढे मी डॉक्टरांना विचारलं आणि पुस्तकातही पाहिलं. नवजात मुलाच्या माथ्यावरची हाडं जन्माच्या वेळी जुळलेली नसतात. ती साधारण दीड वर्षात जुळतात.